डायरेक्ट केलेलं मशीन

इंदुरात आमच्या दुकानाची पायरी चढणारी निम्मी माणसं एकच वाक्य घेऊन यायची. "भिया, ज्यादा मत देखो, डायरेक्ट कर दो."

हा शब्द बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. डायरेक्ट करणं म्हणजे यंत्राच्या राखणीला मध्ये जे काही बसवलेलं असतं, ते काढून टाकून तारेला तार जोडणं. गीझरचा थर्मोस्टॅट रुसला, डायरेक्ट. पंपाचा स्टार्टर कुरकुर करतो, डायरेक्ट. फ्यूज सारखा उडतो, मग त्यात जाड तार घाला, डायरेक्ट. यंत्र 'मला बरं नाही' म्हणून सांगत असतं आणि आपण त्याचं तोंड दाबतो, एवढाच त्याचा अर्थ. पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही हुशारी असते, की जणू कंपनीच्या इंजिनिअरांना जे सुचलं नाही ते यालाच सुचलं आहे.

अन्नपूर्णा भागातल्या त्या दुकानात मी छत्तीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. समोर काउंटरवर माझा थोरला भाऊ, दादा. मागे पडद्याआड टेबलाशी मी. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार अजून घरात आहे, आणि तिच्यामुळे दुसरं काही नाही तरी घराण्याचा ताठा टिकून आहे. त्या घरात हातात पिवळ्या पडलेल्या तारा आणि सोल्डरचं कथील घेऊन बसणारा मी पहिला. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "सोल्जरच्या घरात सोल्डर आलं, फर्क एवढाच." हा विनोद त्याने छत्तीस वर्षं केला. मीही छत्तीस वर्षं हसलो.

काउंटरवर लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवलेली असायची. तिच्यात मी लोकांच्या मशीनमधून काढलेले 'फ्यूज' होते. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीत ओढलेली केसासारखी तार. करंट ठरल्यापेक्षा जास्त झाला की ती वितळते आणि मशीन बंद पडतं. तिचं काम मरणं, आणि वेळेवर मरणं. माझ्या बरणीतले फ्यूज मात्र अमर होते. त्यात सेफ्टी पिन होती, सायकलच्या स्पोकचा तुकडा होता, लोखंडी खिळा होता. एका भजन मंडळाने अगरबत्तीच्या पुड्यातला चंदेरी कागद गुंडाळून घातला होता, तोही होता. आलेल्या प्रत्येकाला मी बरणी दाखवायचो आणि प्रवचन द्यायचो. उडालेला फ्यूज फेकू नका, आधी मला दाखवा. काच स्वच्छ असेल आणि तार नुसती मधे तुटली असेल, तर फ्यूज म्हातारा झाला होता किंवा थोडा ताण आला होता. काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली असेल, तर आत शॉर्ट आहे. नवा घालाल तर तोही जाईल, आणि जाड तार घालाल तर मशीन जाईल. लोक मान डोलवायचे, आणि पायरी उतरताना म्हणायचे, "पर भाऊसाब, अभी के लिए तो डायरेक्ट हो जाता ना?"

फ्यूज निदान लोकांना माहीत तरी होता. दुसरा राखणदार, रिले, तो कुणाच्या खिजगणतीतही नसायचा. चांगला अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की दोनतीन सेकंदांनी आतून बारीक 'टक्' असा आवाज येतो आणि मगच स्पीकर बोलायला लागतो. ती टक् म्हणजे रिले. आतलं सगळं ठीक आहे ना हे पाहून तो स्पीकरचं दार उघडतो. आत काही बिघडलं असेल तर तो दार लावून बसतो, आणि पुढे लाल दिवा लागून राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं मशीन मेलं. मशीन मेलेलं नसतं. ते स्पीकरला वाचवत असतं.

कशापासून वाचवत असतं, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गाण्याचा करंट पुढेमागे हलतो, म्हणून स्पीकरचा कागदी पडदाही पुढेमागे हलतो. अ‍ॅम्प्लिफायरचा एखादा मोठा ट्रान्झिस्टर जळून आरपार झाला, तर मात्र सेलमधून येतो तसा, एकाच दिशेने रेटणारा करंट बाहेर पडतो. मग पडदा एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच अडकतो, आणि त्याच्या मागची तारेची गुंडाळी इस्त्रीसारखी तापत जाते. यातली खरी मेख अशी, की हा करंट जोरात वाजणाऱ्या गाण्याच्या करंटपेक्षा फार जास्त नसतो. त्यामुळे फ्यूजला यात काही वावगं दिसत नाही. तो पुष्कळदा उडतच नाही. अशा वेळी मध्ये उभा असतो तो फक्त रिले.

एकदा पुण्याहून इथल्या एका कंपनीत आलेले एक इंजिनिअर दुकानात आले. तरुण होते आणि शुद्ध मराठी बोलत होते. दादाला फार आनंद झाला. ते म्हणाले, "आमचा अ‍ॅम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातोय. आपण ते प्रोटेक्शन सर्किट बायपास करून देऊ शकाल का?"

दादाने माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे डायरेक्टच ना रे?"

मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. स्पीकरच्या तारा काढून मशीन चालू केलं, तर टक् झाली आणि लाल दिवा गेला. म्हणजे मशीन ठणठणीत होतं आणि खोड बाहेर होती. मागे वाकून पाहिलं, तर स्पीकरच्या तारेची एक चुकार बट शेजारच्या टर्मिनलला टेकली होती. मी ती दोन बोटांनी पिळून आत घातली. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी मोबाइलवर चार दिवस बसून बरंच काही वाचलं होतं. मला मात्र त्याचा अभिमान आठवडाभर पुरला. आधी स्पीकर काढा, मग मशीनच्या वाटेत एक साधा बल्ब जोडून करंट द्या, बल्ब भगभगला तर आत शॉर्ट, मंद झाला तर पुढे जा, मग मीटर, आणि हात सगळ्यात शेवटी, हा माझा क्रम होता. या क्रमाबाहेर मी कधी गेलो नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

आता बद्रीलालजींबद्दल.

बद्रीलालजी इंदूरजवळच्या हातोद गावचे माइकवाले. लग्न, भंडारा, कथा, मंडीतली सभा, सगळीकडे माइक त्यांचा. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, उंच, कानात अत्तराचा फाया, आणि बोलणं इतकं गोड की त्यांच्यावर रागावताना आपणच ओशाळावं. त्यांचं मशीन दर चारसहा महिन्यांनी यायचं आणि दर वेळी मागच्या फ्यूजच्या खोबणीत तांब्याच्या तारेचे वेढे असायचे. मी ते काढून काउंटरवर ठेवायचो.

"बद्रीलालजी, ये क्या है?"

"भाऊसाब, बारात दरवाजे पे खड़ी थी. फ्यूज कहाँ ढूँढता?"

"किसी दिन आग लगेगी."

"हओ," ते मान डोलवत हसून म्हणायचे, "आप हो ना." मी नवा फ्यूज घालून, दोन जादा फ्यूज चिकटपट्टीने झाकणाला आतून लावून द्यायचो. पुढच्या वेळी पुन्हा तांब्याची तार असायचीच.

अकरा वर्षांपूर्वी, नवरात्रात, त्यांचं मशीन आलं ते एका बाजूने खरखरत होतं. रिलेची आतली टोकं जळून काळी पडली होती. नवा रिले मागवावा लागणार होता. तोवर बाकी मशीन नीट आहे की नाही हे पाहायला मी रिलेच्या पायांवर एक तार आडवी टाकून सोल्डर केली. हो, डायरेक्ट केलं. टेबलावर, स्पीकरच्या जागी मोठा रेझिस्टर लावून, तपासणीपुरतं. असं आम्ही करतो, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्या स्थितीत मशीन दुकानाबाहेर जाण्यात.

ते जाऊ नये म्हणून माझी एक खूण होती. अशा मशीनच्या आवाजाच्या बटणाला मी लच्छा बांधायचो. लच्छा म्हणजे पूजेचा लालपिवळा दोरा. पहिल्यांदा कधीतरी लाल चिकटपट्टी संपली होती आणि दुकानातल्या देवाच्या फळीवर रीळ हाताशी होतं, म्हणून तो बांधला, आणि मग सवयच पडली. लच्छा असलेलं मशीन अपुरं, त्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं तो पाहून खूश व्हायची. त्यांना वाटायचं भाऊसाबांनी पूजा केली. मला त्यात गंमत वाटायची, म्हणून मी खुलासा करत नसे. दादालाही मी या खुणेचा अर्थ कधी सांगितला नव्हता. मशीन दिलं जायचं ते माझ्या हातूनच, मग सांगायचं कशाला?

आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. फौजी घराण्यातला हा मोठा दिवस. तलवार पाटावर ठेवायची, शेजारी ज्याच्या त्याच्या पोटापाण्याची अवजारं ठेवायची, त्यांना लच्छा बांधायचा, आणि दसऱ्यापर्यंत ती उचलायची नाहीत. इतकी वर्षं मी माझी सोल्डरची कांडी आणि मीटर पिशवीत घालून घरी न्यायचो. त्या वर्षी दादाचे गुडघे फार धरले होते, माडीवरच्या देवघराचा जिना चढवेना. तो म्हणाला, यंदा पूजा दुकानातच करू, शस्त्रं सगळी तिथेच आहेत, तलवार तेवढी नेऊ.

आदल्या संध्याकाळी मी सगळ्या मशीनांना झाकणं लावून स्क्रू कसले. पूजेत यंत्र उघड्या पोटाने बसवू नये, असा दादाचा नियम होता. नवमीला सकाळी मी नारळ घेऊन पोचेपर्यंत दादाने हळदकुंकू लावून सगळ्या मशीनांच्या बटणांना लच्छा बांधला होता. एकूण एक. शेल्फवर ओळीने बसलेली ती मशीनं मुंजीतल्या बटूंसारखी दिसत होती. मला हसू आलं. हातोदचं मशीन त्यात होतं, आणि आता ते बाकीच्यांसारखंच दिसत होतं. हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आलं होतं. मनात म्हटलं, परवा बघू, शस्त्रं उचलायची नाहीत. आणि नारळ फोडला.

दसऱ्याला मी बायकोबरोबर बेटम्याला सासुरवाडीला गेलो आणि एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी परतलो. दुकानात शिरलो तर शेल्फवर एक जागा रिकामी होती.

"हातोदवाला काल येऊन गेला," दादा म्हणाला. "भंडारा आहे म्हणे त्यांच्याकडे, मशीन अर्जंट पाहिजे होतं. दिलं मी. रेडीच होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

का म्हटलं, ते सांगतो. दादा मला वडिलांसारखा. सणासुदीला त्याच्या हातून चूक झाली असं त्याला तोंडावर सांगवलं नाही, हे एक कारण, आणि ते चांगलं दिसतं. खरं कारण निराळं आहे. बद्रीलालजींचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोन हातात होता. पण त्यांना सांगणार काय? की ज्याने तुम्हाला इतकी वर्षं तांब्याच्या तारेवरून झापलं, त्याने तुम्हाला डायरेक्ट केलेलं मशीन दिलं आहे? मला त्यांचं हसणं ऐकू आलं. मग मी हिशेब मांडला. ट्रान्झिस्टर चांगले आहेत, मी स्वतः तपासले आहेत, रिले आठवड्यात येईल, तेव्हा बोलावून बसवून देऊ. कुठल्याही गिऱ्हाइकाने माझ्यापुढे मांडला असता तर मी त्याला बरणी दाखवली असती, असला तो हिशेब होता.

भंडारा त्याच दिवशी होता. दुपारी मंदिराच्या मांडवात बायकांचं भजन चाललं होतं. ऊन होतं, मशीन सकाळपासून चालू होतं. एक ट्रान्झिस्टर गेला. स्पीकरमधून आधी हूं असा आवाज आला, मग आवाज बंद झाला, आणि खोक्याच्या आतल्या कापसाने पेट घेतला. खोकं मांडवाच्या पडद्याला टेकलेलं होतं. बद्रीलालजींनी प्लग उपटला आणि जळतं खोकं उजव्या हाताने ओढत बाहेर उघड्यावर नेलं. जाळीचं वितळलेलं प्लॅस्टिक त्यांच्या पंजावर बसलं. एका बाईचा पदर होरपळला. याहून जास्त काही झालं नाही, ते त्यांच्यामुळे.

तिसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ मशीन घेऊन आला. सोबत मंदिराच्या समितीचे दोघे होते. आग कशाने लागली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी मशीन पडद्याआड नेऊन झाकण उघडलं. रिलेच्या पायांवर माझी तार होती. सोल्डर चांगलं झालं होतं, अजून चकाकत होतं. मी कटरने ती तार दोन्हीकडून तोडली आणि शर्टाच्या खिशात टाकली. मग मागची खोबणी फिरवून फ्यूज काढला. त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे होते. घाईत त्यांनी पुन्हा घातले होते. माझं नशीब म्हणायचं, दुसरं काय?

खरा फ्यूज असता तरी तो उडाला नसता, हे वर सांगितलंच आहे. हे त्या दुकानात एकट्या मला कळत होतं.

मी बाहेर आलो आणि तो फ्यूज काउंटरवर ठेवला. बोललो काहीच नाही. दादाने तो उचलून त्या तिघांना दाखवला. "कितनी बार समझाया इनको. मेरा भाई बोल बोल के थक गया." समितीच्या एकाने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. बद्रीलालजींच्या भावाने मान खाली घातली. ते गेल्यावर दादाने फ्यूज बरणीत टाकला. पुढे कुणीही आलं की तो बरणी हलवून तो वर काढायचा आणि गोष्ट सांगायचा. "हा हातोदवाल्याचा. हात गेला माणसाचा." मी पडद्याआड बसून ऐकायचो. गिऱ्हाइकांवर या गोष्टीचा फार परिणाम व्हायचा. डायरेक्ट मागणारे कमी झाले.

दवाखान्यात मी एकदा गेलो होतो. हात पांढऱ्या पट्ट्यांत होता. मला पाहून बद्रीलालजी उठायला लागले.

"भाऊसाब, आप तो बोलते थे," ते म्हणाले. "मैंने ही नहीं माना."

इथे सांगायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "आराम करो, बद्रीलालजी." आणलेली सफरचंदं स्टुलावर ठेवली आणि बाहेर आलो. तेव्हापासून ते दुकानात कधी आले नाहीत आणि मीही हातोदची वाट सोडली. मंडीत कुणाचं मशीन पाहायला बोलावणं आलं, तर मी पाठीचं निमित्त सांगायचो.

मागच्या वर्षी आम्ही दुकान बंद केलं. आता फोनवरून गाणी वाजवणाऱ्या डब्या आल्या आहेत. त्या बिघडल्या की लोक फेकून देतात, दुरुस्त कुणी करत नाही. सामान काढताना दादाने बरणी कागदावर उलटी केली आणि एकेक वस्तू पाहत बसला. तो फ्यूज त्याने बाजूला काढला. "याला फेकू नको," तो म्हणाला. "याच्यामुळे किती लोकांची मशीनं वाचली."

मला ते सहन झालं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. लच्छ्याचं, तारेचं, खिशाचं.

दादा ऐंशीचा आहे. बराच वेळ तो कागदावरच्या पिना आणि खिळे बोटाने सारखे करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मशीन माझ्या हातून गेलं."

"तुला माहीत नव्हतं."

"तू सांगितलं नव्हतंस." तो म्हणाला, "आणि मी दहा वर्षं ती गोष्ट लोकांना सांगितली. तू मागे बसून ऐकत होतास." त्यानंतर त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना फक्त एवढंच म्हणाला, "हातोदला जाऊन ये."

मी गेलो तो यंदाच्या आषाढात. बद्रीलालजींचं घर जुनंच आहे, खाली मुलाचं कपड्याचं दुकान झालं आहे. ते बाहेर खुर्चीवर बसले होते. उजव्या हाताची बोटं आत वळलेली. मी पत्ता विचारला होता तो कोपऱ्यावरच्या पानवाल्याला. तो म्हणाला होता, "कौन, बद्री डायरेक्ट? वो रहा सामने." मला वाटलं दुसराच कुणी असेल.

चहा आला. मी सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "मतलब, मेरे तार से नहीं लगी?"

"नहीं."

"पक्का?"

"पक्का. सही फ्यूज होता, तो भी लगती."

मी माफी मागितली. त्यावर ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण मी ते विसरू शकत नाही. "हाथ का क्या है, भाऊसाब. हाथ तो किसी का भी जल जाता है. पर समिति ने माइक ले लिया मेरे से. बोले, ये आदमी तार डालता है. घर में लड़का आज भी कूलर का प्लग नहीं लगाने देता. पोती बोलती है, दादाजी आप दूर रहो. मैं भी सोचता था, सही बोल रहे हैं." मग म्हणाले, "इतने बरस मैं खुद से डरता रहा."

आतून मुलाने विचारलं, कौन है. ते म्हणाले, "इंदौर वाले भाऊसाब हैं, मिलने आए." त्यांनी मुलाला काही सांगितलं नाही. मला वाटलं, झालं, मोठ्या मनाने माफ केलं. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"मेरे कहने से कोई नहीं मानेगा," ते म्हणाले. "आप बोलो. मंगलवार को आरती के बाद पूरा गाँव रहता है मंदिर पे. माइक भी रहता है. दो मिनट बोल दो, बस."

"हओ," मी म्हटलं. "आता हूँ."

त्या मंगळवारी पाऊस होता. पुढच्या मंगळवारी दादाला डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणजे बुधवारीही नेता आलं असतं. श्रावणात त्यांचा फोन आला. मी म्हटलं, गुडघे धरलेत. ते म्हणाले, "कोई बात नहीं, भाऊसाब, आराम से." भादव्यात पुन्हा आला. तो मी उचलला नाही. माइकपुढे उभं राहायचं, समोर ते समितीचे दोघे, तो भाऊ, पदर जळालेली ती बाई, आणि मी म्हणायचं की मी तार तोडून खिशात घातली. छत्तीस वर्षं मी गावाला शिकवलं की राखणदाराला वगळू नका. मला ती दोन मिनिटं बोलवत नाहीत.

दादा रोज विचारतो, "गेलास का?" मी म्हणतो, लिहितोय. मागच्या आठवड्यात हे लिहून झालं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मराठीत लिहिलंस?"

मी हो म्हटलं. दिवाळी अंक इंदूरच्या मराठी घरांत जाईल. लोक फोन करतील, म्हणतील, फार प्रामाणिकपणे लिहिलंत, धीर लागतो असं लिहायला. हातोदला मराठी वाचणारं एकही घर नाही. लिहायला बसलो तेव्हा हे मला माहीत होतं.